खांद्याचं काम

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांची सराव शिबिरं जुलैच्या अखेरीस, ऐन उन्हाळ्यात भरतात. २०२२ सालच्या अशाच एका शिबिरात कॉलेजातून नुकताच आलेला एक लाइनबॅकर दाखल झाला. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला आडवा पाडायचं, हे लाइनबॅकरचं काम. हा पोरगा डोकं खाली घालून असा काही धडकायचा, की समोरचा जागच्या जागी कोसळायचा. कॉलेजात त्यासाठी त्याचं कौतुकही झालं होतं.

संघाचं सामानघर एका म्हाताऱ्याच्या ताब्यात होतं. त्यानं पोराच्या डोक्याचं माप घेऊन हेल्मेट चढवलं. आतल्या पिशव्यांत छोट्या पंपानं हवा भरली, गालांजवळच्या गाद्या बदलून पाहिल्या, हनुवटीच्या पट्ट्याची चारही बटणं लावली. मग तोंडावरची जाळी दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हिसका दिला. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं, तर माप चुकलं. कातडी सरकली.

पोरानं हेल्मेटवर मूठ आपटली. "हे घालून मी भिंतसुद्धा पाडेन!"

म्हाताऱ्यानं त्यावर फोमचं जाड आवरण चढवलं. लाइनबॅकर आणि आणखी काही जागांवरच्या खेळाडूंना शिबिरात ते त्याच वर्षापासून सक्तीचं झालं होतं. पोरानं आरशात पाहून नाक मुरडलं.

पुढे पाडापाडीचा सराव सुरू झाला. पोरानं पहिल्याच वेळी डोकं खाली घातलं. प्रशिक्षकांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. डोकं खाली घालून धडक मारणं २०१८ पासून व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये फाउल धरतात, पंधरा यार्डांचा दंड बसतो. हे पोराला पाठ होतं, पण अंगात मुरलेली सवय पाठांतरानं कुठली सुटायला? प्रशिक्षकांनी त्याला सामानघरात पाठवलं. "हेल्मेट तिथे जमा कर. तसाच ये."

पोरगा संतापला. "आजोबा, डोकं सांभाळायचं म्हणता आणि हेल्मेटच काढून घेता?"

"बस इथे," म्हातारा म्हणाला. "हेल्मेट कवटी फुटू देत नाही, त्यात वाद नाही. पण धडकेचा हिसका आत पोचतोच. कवटीला तडाही जात नाही आणि आतला मेंदू हादरतो."

न फुटलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतलं पाणी ऐकू येतं. तितकं समजलं तरी पुरे आहे.

मग म्हाताऱ्यानं जुनी हकीकत काढली. पूर्वी चामड्याच्या टोप्या होत्या. १९३९ मध्ये शिकागोच्या रिडेल कंपनीनं प्लॅस्टिकचं हेल्मेट आणलं. १९४३ पासून लीगनं हेल्मेट सक्तीचं केलं. तोंड मात्र उघडंच असायचं. १९५३ साली क्लीव्हलँडच्या ऑटो ग्रॅहम या खेळाडूच्या तोंडावर कोपर बसलं, तोंडात टाके घालावे लागले. मध्यंतरात त्याच्या हेल्मेटला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठोकली, आणि त्यानं परत येऊन सामना जिंकून दिला. पुढे तोंडावर दांडी आली, जाळी आली.

"तोंड वाचलं, आणि भीती गेली," म्हातारा म्हणाला. "तोंड उघडं असताना डोकं पुढे घालायला कोण धजत होतं? जाळी आल्यावर प्रशिक्षकच शिकवायला लागले, डोक्यानं मार म्हणून. १९६८ मध्ये खेळताना बसलेल्या मारानं देशात छत्तीस जण गेले. बहुतेक शाळकरी पोरं. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात डोक्यानं धडकायला बंदी आली, त्याच सुमारास हेल्मेटची कसोटीही कडक झाली. १९९० साली असा एकही मृत्यू झाला नाही."

माझ्या मते त्या बंदीचं श्रेय हेल्मेट सुधारणाऱ्यांपेक्षा कमी नाही. वस्तू विकत आणता येते, सवय मोडायला शिकवणारा माणूस लागतो.

पोरगा उघड्या डोक्यानं मैदानात गेला. समोर कोणी माणूस नव्हता. फोमचं मोठं चाक घरंगळत सोडलं जात होतं. तो धावला, खाली वाकला, आणि चाकाशी भिडण्याच्या क्षणी त्याची मान आपोआप बाजूला गेली. खांदा आधी लागला, हातांनी चाकाला मिठी घातली, दोघंही गवतावर. कोणी काही सांगितलेलं नव्हतं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात असाच बिनहेल्मेटचा सराव करून पाहिला होता, तेव्हा सराव करणाऱ्यांच्या डोक्याला बसणारे धक्के एका हंगामात चतुर्थांशाहून अधिक घटले होते.

दुसऱ्या दिवशी हेल्मेट परत मिळालं, आणि पोराचं डोकं पुन्हा खाली गेलं. पुन्हा जमा. पुन्हा चाक. शिबिरभर हे चाललं. सोबतचे हसले, तो चिडला, पण गेला.

हंगामातल्या पहिल्या सामन्यात त्यानं धावपटूला कमरेशी खांदा लावून धरलं. धावपटूनं त्याला दोन यार्ड फरफटत नेलं, आणि मग पडला. प्रेक्षकांना त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही.

सामन्यानंतर तो सामानघरात आला. "आजोबा, खांदा ठणकतोय."

म्हाताऱ्यानं त्याचं शोल्डर पॅड उलटं केलं, आतला दबलेला फोम अंगठ्यानं चाचपला. "खांद्याचं बघतो मी. उद्या जाड फोम घालून देतो."