नकाराचे दोन प्रकार

लिनक्सवर ब्राउझर अद्ययावत करताना कधी कधी ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. ब्राउझर बिघडलेला नसतो. त्याच्या फायली ‘रूट’ या प्रशासक खात्याच्या मालकीच्या असतात. अपडेट पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातून, प्रशासकाच्या अधिकाराने केले की काम होते. वैतागून साऱ्या फोल्डरवर सगळ्यांना लिहिण्याची मुभा देणे मात्र घातक; मग कोणताही प्रोग्रॅम ब्राउझरच बदलू शकेल. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडले.

मग प्रत्येक नकार न्याय्य मानायचा का?

रत्नागिरीने हा प्रश्न देवळाच्या दारात सोसला आहे. अस्पृश्य ठरवलेल्यांना मंदिरप्रवेश नव्हता. सावरकर तिथे स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने पतितपावन मंदिर उभारले. १९३१ मध्ये ते सर्व हिंदूंना खुले झाले.

संगणक अडवतो ते कृतीला. पासवर्ड दिला की तोच माणूस तेवढ्यापुरता प्रशासक होतो. जातीचा नकार जन्माला चिकटवलेला होता. कुठल्याही विद्येने, भक्तीने तो सुटत नव्हता. भक्ताकडून पात्रतेचा पुरावा मागणेच तिथे अन्यायाचे होते, आणि दुरुस्ती त्याच्यात नव्हे, दारात करायची होती.