अंगावर काढलेलं दुखणं

आमच्या राधानगरी भागात सुट्टीवर आलेला साधा शिपाईसुद्धा गावाचा ‘मेजर’ असतो आणि पेन्शनीवर आला तरी मेजरच राहतो. आमच्या शेजारचे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना ते आधी उजवी बाही चढवतात आणि मग डाव्या हाताने सदरा पाठीवरून ओढून घेतात. वैरण कापतात, भारा आवळून बांधतात, पण तो डोक्यावर घ्यायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. बांधावरून कुणी येईपर्यंत ते भाऱ्याशेजारी उभे असतात.

यंदा धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले त्या दिवशी, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, त्यांनी खताच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल माझ्यापुढे ठेवली. नोकरीच्या चौथ्या वर्षी अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव करताना भिंतीवरून उडी मारली आणि खांदा निखळला. सोबत्याने तो जागेवरच ओढून बसवला. दुसऱ्या दिवशी मेजर परेडला हजर.

“एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, का नाही गेला?” मी विचारलं.

“गेलो असतो तर तब्येतीची खालची कॅटेगरी लागून बढती अडली असती. नायकाची फीत मिळायची होती हो. घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या.”

पुढे खांदा वरचेवर निखळू लागला, शेवटी शस्त्रक्रिया झाली. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने अपंगत्व मान्य केलं, पण शेरा मारला की ते सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेत वाढलेलंही नाही. कारण फाइलमध्ये दुखापतीचा अहवाल नाही.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. त्याची वाटी उथळ, म्हणून हात चारी दिशांना फिरतो आणि म्हणूनच तो निसटतोही. ऐन विशीत एकदा निखळला की वाटीच्या कडेची कूर्चा बहुतेकदा फाटते आणि पुन्हा निखळण्याची शक्यता फार वाढते. म्हणजे निवृत्तीच्या वेळी बोर्डाला दिसणारं दुखणं चौथ्या वर्षीच्या एका उडीचं असू शकतं. ते अंगावर काढलं गेलं, म्हणून कागदावर आलं नाही. आणि दुखणं अंगावर काढायला जवानाला शिकवलं कुणी? रडायचं नाही, पाठीवरचं ओझं उतरवायचं नाही, सोबत्यांच्या मागे राहायचं नाही, हे पलटणीचं पहिलं शिक्षण. ते ज्याने मनापासून पाळलं त्याच्याकडेच शेवटी नोंदीचा पुरावा मागितला जातो. मला हा साफ अन्याय वाटतो.

कायदा मात्र इतका कठोर नाही. धरमवीर सिंग नावाचा जवान 1985 मध्ये भरती झाला आणि 1994 मध्ये अपस्माराच्या कारणाने घरी पाठवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे घरी गेल्यावर 19 वर्षांनी. न्यायालयाने 1982 च्या नियमांचा अर्थ स्वच्छ सांगितला. भरतीच्या वेळी दोष नोंदवला नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. पुढे बिघाड झाला तर तो सेवेमुळे नाही हे सरकारने दाखवायचं, आणि संशयाचा फायदा सैनिकाला. आमची पोरं भरतीला उघड्या अंगाने रांगेत उभी राहतात, डॉक्टर हात वर करून, फिरवून बघतात. तेव्हा सरकारने तपासून घेतलेला खांदा होता तो!

1982 चे हे नियम 2008 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बदलले. तरी 2008 च्या नियमांखालच्या मधुमेहाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितलं की बोर्डाने पटण्याजोगी कारणं द्यायला हवीत, नुसता शेरा पुरत नाही. सुट्टीत घरी असताना स्कूटरला अपघात झाला तर ती सेवेतली इजा नव्हे, असं 2011 च्या जुझार सिंग खटल्यात ठरलं, आणि ते मला पटतं. पण पलटणीने भरवलेल्या सामन्यात खांदा निखळला तर ती ड्यूटीच.

दुसरी अडचण टक्क्यांची. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला किमान 20 टक्के अपंगत्व लागतं. राम अवतार खटल्याच्या 2014 च्या निकालानंतर 20 टक्के हे 50 धरले जातात आणि शेवटच्या पगाराच्या 15 टक्के इतकी रक्कम दरमहा मिळते. बोर्डाने 15 ते 19 लिहिलं तर शून्य. इतका फरक एका आकड्याने पडतो, मग तो आकडा कसा निघाला हे जवानाला समजेल असं लिहून द्यायला नको का? अमेरिकेत हात किती अंशांपर्यंत उचलतो यावर खांद्याचा तक्ता आहे, सवयीचा हात आणि दुसरा हात वेगळा मोजतात आणि भरपाई 10 टक्क्यांपासून सुरू होते. आपल्याकडे निवृत्त होणारे बहुतेक जवान शेतात परततात. ज्याला उरलेलं आयुष्य भारे उचलायचे आहेत त्याचा खांदा खुर्चीवर बसणाऱ्याच्या मापाने कसा मोजणार?

नकाराचं इंग्रजी पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. पत्र कपाटात राहिलं म्हणून सगळं संपत नाही. तरसेम सिंग प्रकरणात जवान 16 वर्षांनी न्यायालयात गेला होता. त्याचा हक्क 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानला, पण थकबाकी तीनच वर्षांची दिली. उशिराची किंमत ती. अग्निवीरांना तर पेन्शनच नाही. अपंगत्वाला एकरकमी 15, 25 किंवा 44 लाख आहेत, पण पंधरा वर्षांनी आखडणाऱ्या खांद्याचं काय, याचं उत्तर त्या आकड्यांत मला सापडत नाही.

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. पण सशस्त्र दल न्यायाधिकरणासाठी आमच्या मेजरना अजून मुंबईच गाठावी लागते. चंडीगडच्या खंडपीठाने शिमल्याला फिरती बैठक घेतली आहे, मग मुंबईच्या खंडपीठाने कोल्हापुरात वर्षातून दोनदा बसायला काय हरकत आहे? जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी आणि माजी सैनिक संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

आणि वाचकहो, या दिवाळीला तुमच्या घरी पलटणीतून कुणी आला असेल तर फराळ झाल्यावर त्याला हात वर करायला सांगा. दुखत असेल तर परत गेल्यावर आधी एमआय रूम गाठ, दुखापतीचा अहवाल लिहून घे आणि त्याची एक प्रत घरी पाठव, एवढं त्याला बजावून सांगा.