कुंपणापलीकडचा हक्क

आपली नसलेली वस्तू आपली म्हणणारा मनुष्य चोरच असतो काय? सातव्या आज्ञेचे चिंतन करताना हा प्रश्न सहसा आपल्यापुढे येत नाही. चोर अंधारात येतो. परंतु स्वतःच्या हक्काविषयी मनात तिळमात्र शंका न बाळगता भर दुपारी दारात उभा राहणारा मनुष्य आपल्याला अधिक गोंधळात टाकतो. हौसेने भजने संकलित करणाऱ्या एखाद्या शिक्षकाला, किंवा नाताळात गायनवृंदाचे गीत ध्वनिमुद्रित करणाऱ्या तरुणाला, या गीतावर आमचा स्वामित्वहक्क आहे, ते मागे घ्या, अशी सूचना येते, तेव्हा त्याने काय करावे?

हल्ली असे दावे यंत्रेही करतात. दोन मुद्रणांतील सूर जुळले की सूचना रवाना होते. ते सूर मुळात कोणाचे, हे यंत्राला ठाऊक नसते. माणसे तरी कुठे नेहमी विचारतात?

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. १९५७ च्या आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत आज ६० वर्षांची आहे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली भजने तेव्हा केव्हाच सर्वांची झाली. मात्र त्याच भजनाला कोणी नवी चाल लावली तर ती चाल त्याची, आणि कोणी ते ध्वनिमुद्रित केले तर ते मुद्रण त्याचे. म्हणजे दावा करणाऱ्याजवळ बहुधा खरा हक्क असतोच. तो आपले कुंपण थोडे पुढे सरकवितो, एवढेच. आम्हांस वाटते, बहुतेक चुकीच्या दाव्यांचे मूळ लबाडीत नसून या सरकलेल्या कुंपणात असते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने हे अनुभवले आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात २०१७ पर्यंत बांबू वृक्षांत मोडत असे, म्हणून वनखाते त्यास आपला मानीत आले. येथील बांबू कागद गिरण्यांकडे जात असे. (आपल्या हातातील जुन्या प्रार्थनापुस्तकाचे पान कदाचित याच रानातले असेल!) पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतुकीचा परवाना देण्यास खाते राजी नव्हते. ग्रामसभेने कायद्यातील व्याख्येवर बोट ठेवले आणि तेथून ते हलविले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

येथे कोणी भाविक विचारील, दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीचे काय? आपला अंगरखा कोणी मागितला तर तो देऊन टाकण्यास आपण मोकळे आहोत. परंतु वादाची वस्तू साऱ्या गावाची किंवा साऱ्या मंडळीची असेल, तर ती देऊन टाकण्याचे औदार्य दुसऱ्याच्या खर्चाने होते. प्रभू येशूनेदेखील प्रमुख याजकापुढे चपराक बसल्यावर मौन धरले नाही. आपण चुकीचे बोललो असल्यास ते दाखवून द्यावे, असे त्याने विचारले, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्या उत्तरात शिवी नाही आणि शरणागतीही नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच सांगितले आहे, की शेजाऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ घ्यावा. तसा अर्थ लागत नसेल तर त्याचा आशय त्यालाच विचारावा. आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावा. आमच्या मते स्वामित्वहक्काच्या सूचनेला लिहावयाच्या उत्तराचा याहून चांगला मसुदा वकिलालाही सुचणार नाही. अर्थात पत्रे लिहूनही समोरचा निराधार धमक्या देतच राहिला, तर याच १९५७ च्या कायद्याच्या ६० व्या कलमान्वये न्यायालयात जाता येते, आणि तसे जाणे हा प्रेमाचा भंग नव्हे. संत पौलानेही कैसराकडे दाद मागितलीच होती.

आम्हांला खरी चिंता आहे ती पुराव्याची. जखमेवर हळद लावण्याच्या उपायास १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ लिखित आधार पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करविले. आजीबाईला ठाऊक असलेली गोष्टसुद्धा कागदावर दाखवावी लागली. मग गोंडी लग्नातील, चांदण्यात फेर धरून गायिल्या जाणाऱ्या रेला गीतांचे काय? उद्या कोणी त्यांचे सुंदर ध्वनिमुद्रण करील, ते मुद्रण न्यायाने त्याचे असेल, आणि परवा तो गीतावरही हक्क सांगेल. तेव्हा दाखवावयाला कोणते पान असेल? चांदा धर्मप्रांतातील शाळांत शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या आजीला ती गीते मुखोद्गत असतील. एक वही, गावाचे नाव, गाणारीची अनुमती आणि तारीख, इतके साहित्य पुरे आहे. सुटीतले दोन आठवडे हाताशी असताना हे काम कोणी हाती घेतले, तर आजी गात असेल तोवर ते होईल.