अर्जुनाने माफी कशाची मागितली?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४१ आणि ४२.

विश्वरूप समोर उभं आहे. सूर्य-चंद्र ज्याचे डोळे आहेत असं काहीतरी अफाट. आणि अर्जुनाला त्या क्षणी काय आठवतं? जुनी चेष्टामस्करी! फिरताना, लोळताना, बसल्या बसल्या, जेवताना मी तुझी थट्टा केली. कधी एकांतात, कधी चारचौघांत. मित्र समजून नुसत्या नावाने हाक मारली. ते सगळं पोटात घाल, असं तो विनवतो. आमच्या जळगावच्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्ष परमेश्वराला तो इतकी वर्षं 'काय भो!' करत होता.

हे दोन श्लोक मला थेट लागू होतात. आम्ही सहा मित्र, निम्मे जळगावचे, निम्मे धुळ्याचे. नोकरीपायी आता पुणे-बंगळुरूत पांगलोय. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर एक अध्याय वाचतो, आणि वाचनापेक्षा हसणं जास्त होतं. फळाची आशा सोडून कर्म कर, असं आलं की कोणीतरी हमखास म्हणतो, 'अप्रेझलच्या महिन्यात हा अध्याय नको रे.' एकदा एका मित्राच्या आजीने मागून विचारलं, 'पोथी वाचताय का तमाशा चाललाय?'

आजीचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. शास्त्र वाचताना हसावं का?

आधी अर्जुनाचे शब्द नीट बघू. तो म्हणतो, तुझा महिमा मला माहीत नव्हता, म्हणून बेसावधपणे किंवा प्रेमापोटी असं झालं. म्हणजे त्याला खंत आहे ती समोरच्याची थोरवी न ओळखता हसल्याची. आणि कृष्णाचं उत्तर? पुढचे श्लोक वाचा. 'यापुढे थट्टा बंद' असं एक अक्षरही तो बोलत नाही. घाबरू नकोस म्हणतो आणि पुन्हा ते सौम्य, ओळखीचं माणसाचं रूप घेतो. ते बघून अर्जुनाच्या जिवात जीव येतो. देवाने त्याला त्याचा मित्र परत दिला!

शिवाय गीतेत पहिलं हसू कृष्णाचंच आहे. दुसऱ्या अध्यायाचा दहावा श्लोक बघा. दोन्ही सैन्यांच्या मधोमध मित्र रडतोय आणि कृष्ण जणू हसत हसत बोलायला लागतो. अख्ख्या गीतेचा उपदेश त्या हसण्यातून सुरू झालाय.

आता आपल्या धुळ्याकडे या. १९३२ साल. सविनय कायदेभंगाचे सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा होते, जमनालाल बजाज होते, साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतलं. गुरुजी म्हणजे अमळनेरच्या शाळेतले शिक्षक. त्याआधी ते तिथल्याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला आले होते. त्यांच्या लेखणीमुळे 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे.

पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाची फिरकी घेतली आहे. एक न्यायाधीश असतो. शेकडो लोकांना त्याने फाशी दिलेली. एके दिवशी खुनाच्या आरोपात त्याचाच मुलगा समोर येतो, आणि न्यायाधीशाला एकदम आठवतं की फाशी ही फार अमानुष शिक्षा आहे! अर्जुनाचं वैराग्य हे असं. युद्ध त्याने आधीही केलं होतं; या वेळी समोर 'माझे' होते, एवढाच फरक. ऐकताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की तो न्यायाधीश आपणच. तुरुंगात बसून सांगितलेली ही गोष्ट नव्वद वर्षांनंतरही बरोबर नेम साधते.

मग गीतेला वावडं कशाचं आहे? असूयेचं. असूया म्हणजे चांगल्यातही खोट काढायची खोड. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण अर्जुनाला गुह्य ज्ञान देतो ते तू असूया करत नाहीस असं म्हणून. अठराव्या अध्यायात तर स्पष्ट बजावतो, माझी असूया करणाऱ्याला हे सांगू नकोस. हसणाऱ्याला दार बंद नाही. कुत्सितपणे बघणाऱ्याला आहे. मीममधली थट्टा आणि असूया वरून सारखीच दिसतात. हसून झाल्यावर त्या श्लोकाकडे परत जावंसं वाटतं का, यावरून फरक कळतो.

दुसरी कसोटी मला आमच्याच कॉलवर मिळाली. आमच्यातल्या एका धुळेकराचे वडील गेले. महिन्याभराने तो पुन्हा वाचनाला बसला आणि नेमका दुसरा अध्याय निघाला. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा देह बदलतो, तो श्लोक आला. सगळे गप्प. तोच म्हणाला, 'पप्पांना नवे कपडे कधी आवडलेच नाहीत. शर्ट पार विरेपर्यंत घालायचे. शरीरही तसंच वापरलं त्यांनी.' आणि तो हसला. आम्हीही हसलो, आणि सगळ्यांचे डोळे भरले.

त्या दिवशी तो श्लोक पहिल्यांदा घरातला वाटला. पण हेच वाक्य आमच्यापैकी कोणी बोललं असतं तर? शब्द तेच, तरी जखम झाली असती. म्हणून ज्याचं दुःख आहे, पहिलं हसू त्याचं. आपण त्याच्या मागून हसावं, पुढे होऊन नाही.

आजीला मी एवढंच सांगेन : आजी, पोथीच वाचतोय. भगवंत दहाव्या अध्यायात म्हणतात की माझे भक्त एकमेकांना समजावत, माझ्याबद्दल बोलत आनंदात रमतात. सहा जणांनी हसत हसत केलेल्या वाचनाला त्यात नक्की जागा असावी.

आजचं मनन : या आठवड्यात मी कशावर हसलो? त्या हसण्याने कोणी जवळ आलं, की कोणी लहान झालं?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥