दाराशी दाटलेली गर्दी



दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्डमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा आजारी लोकांचा जागतिक दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली ह्या दिनाची घोषणा केली आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. त्यानिमित्त आपण आपल्या धर्मग्रामातील वृद्ध व आजारी माणसांना पुढच्या बाकांवर बसवतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. ते पाहून मन भरून येते. पण पुढच्या बाकापर्यंत येण्यासाठीसुद्धा कोणीतरी हात धरावा लागतो, रिक्षाचे पैसे लागतात, घरात एक मोकळे माणूस लागते. ज्यांच्याकडे ह्यातले काहीच नाही, त्यांचे काय? आज आपण त्यांच्याविषयी विचार करू या.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाची हकिगत आहे. प्रभू येशू कफर्णहूमात एका घरी शिकवण देत होता. घर माणसांनी भरले होते, दारातही पाय ठेवायला जागा नव्हती. चौघेजण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून घेऊन आले. आत जाता येईना, तेव्हा ते घरावर चढले, छप्पर उसकटले आणि बाज थेट येशूपुढे खाली सोडली. त्या माणसांचा विश्वास पाहून येशूने आजाऱ्याला पापांची क्षमा केली आणि त्याला त्याच्या पायांवर उभे केले.

ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चार मित्रांचे कौतुक आपण नेहमीच करतो. पण दाराशी दाटलेल्या त्या गर्दीकडे आपले लक्ष जात नाही. ती गर्दी वाईट माणसांची नव्हती. देवाचे वचन ऐकायला आलेले ते भाविक लोक होते. त्यांनी आजाऱ्याला हाकलून लावले असे शुभवर्तमान म्हणत नाही. ते फक्त आपापल्या जागेवरून हलले नाहीत. त्यांची पाठ दाराकडे होती. तेवढ्याने एका माणसाची वाट बंद झाली.

बंधुभगिनींनो, आपण चौघांपैकी आहोत असे आपल्याला वाटते. खरे पाहता बहुतेक वेळा आपण त्या गर्दीत उभे असतो.

छप्पर उसकटणे म्हणजे काय, हे आपल्याच महाराष्ट्रातील एका आरोग्य केंद्राने दाखवून दिले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे प्रोटेस्टंट परंपरेतील ख्रिस्ती दाम्पत्य. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे शिकले. १९६० साली विवाहाच्या वेळीच खेड्यातील गोरगरिबांसाठी आयुष्य वाहण्याचा निश्चय त्यांनी केला. आधी ते एका मिशन रुग्णालयात काम करीत. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, बरे होऊन गेलेली मुले काही महिन्यांनी त्याच दुखण्याने पुन्हा येतात. औषध दवाखान्यात मिळत होते, पण आजार घरी, पाण्यात, उपासमारीत आणि गावाच्या वेशीबाहेर ढकललेल्या वस्तीत होता. मग १९७० साली त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे आपला आरोग्य प्रकल्प सुरू केला.

ह्या प्रकल्पाने रुग्णालय तर उभारलेच, पण खरे काम गावातील बायकांच्या हाती सोपवले. गावानेच आपल्यातील एक बाई निवडायची. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल, ती दलित असली तरी चालेल. ह्या बाया नियमितपणे जामखेडला येऊन शिकत. बाळंतपण कसे करावे, बाळाचे वजन कसे घ्यावे, कुष्ठरोग कसा ओळखावा, हे सारे त्या शिकल्या. जुलाब झालेल्या मुलाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहिले तर त्याचा जीव वाचतो, हे त्यांनी घरोघरी सांगितले. वेगवेगळ्या जातींच्या बाया तेथे एकत्र शिकत, एकत्र जेवत. सुरुवातीला हे सोपे गेले नाही. परंतु एका पंगतीला बसल्याशिवाय एकमेकींच्या घरात शिरता येणार नव्हते, आणि घरात शिरल्याशिवाय आजार कळणार नव्हता.

हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसवण्याचा मार्ग आरोळे दाम्पत्याने धरला. मग ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्या वस्तीला पाण्यासाठी तिष्ठत ठेवले होते, त्यांच्या घरच्या बाया घागर घेऊन त्याच वस्तीत येऊ लागल्या. कुष्ठरोग्यांनाही वेगळे न काढता इतर रुग्णांबरोबरच तपासले जाऊ लागले.

ह्याचे फळ काय मिळाले? १९७१ साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाची होण्याआधीच दगावत असत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ साली आणि रजनीकांत आरोळे २०११ साली देवाघरी गेले. पण त्यांचे काम एखाद्या डॉक्टरवर अवलंबून नव्हते, म्हणून ते त्यांच्याबरोबर संपले नाही.

१९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे एक आरोग्यविषयक परिषद भरली होती. तेथे जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ ह्यांना बोलावण्यात आले. सभागृहात डोक्यावर झगमगणारे झुंबर होते. मुक्ताबाईंनी त्या झुंबराची तुलना डॉक्टरांशी केली. त्याचा उजेड पुष्कळ, पण ते महाग आणि हाताला न लागणारे. मग त्यांनी एक साधी पणती दाखवली. ती स्वस्त असते, हातातून हातात जाते, आणि एका पणतीने दुसरी लावता येते. मोठमोठ्या विद्वानांपुढे एका खेडूत बाईने सांगितलेला हा बोध पास्काच्या रात्री मेणबत्त्या पेटवणाऱ्या आपल्याला तरी सहज कळावा.

आता आपल्या आजूबाजूला पाहू या. आज सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात. मग वीटभट्टीवरचा मजूर ती अर्ध्यावर का सोडतो? तो अडाणी आहे, बेफिकीर आहे, असे आपण पटकन म्हणून टाकतो. पण उपचार निदान सहा महिने चालतात. दवाखान्यात गेले की दिवसाची मजुरी बुडते. पावसाळा आला की भट्टी बंद होते आणि बिऱ्हाड हलते. खोकला थोडा कमी झाला की पोट आठवते. औषध फुकट आहे, पण औषधापर्यंतची वाट फुकट नाही. ज्याच्या घरी गाडी आहे आणि ज्याला तीन मैल चालत यावे लागते, त्या दोघांसाठी एकच दार उघडे ठेवले, तर ते सारखेपणाने वागवणे झाले, न्यायाने वागवणे नव्हे. हरवलेल्या एका मेंढरासाठी मेंढपाळाने नव्याण्णवांना सोडून जाणे हिशेबात बसत नाही, पण प्रीतीत बसते.

पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेर्रिस’ ह्या परिपत्रकात वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क असल्याचे सांगितले. जो हक्क आहे तो आपण कोणाला दान म्हणून देऊ शकत नाही. पाड्यावरच्या बाईला आपण दवाखान्यात नेले तर तिच्यावर उपकार केले नाहीत. तिच्या वाटेत उभे होतो, तिथून बाजूला झालो, एवढेच.

आरोग्य शिबिरे आपण भरवतो, ही चांगली गोष्ट आहे. पण शिबिराला आले कोण, हे मोजताना न आलेले कोण, हेही आपण मोजतो का? चर्चच्या आवारात मंडप घातला, बॅनर लावला, म्हणजे सगळ्यांना निमंत्रण पोहोचले असे आपण धरून चालतो. आवाराच्या फाटकातून आत यायला संकोच वाटणारी कुटुंबे आपल्या दृष्टीस पडत नाहीत, कारण आपलीही पाठ दाराकडे असते.

म्हणून ह्या आठवड्यात आपल्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एकच प्रश्न घेऊ या : आपल्या वाडीच्या आसपास कोणते कुटुंब आजारी पडले तरी दवाखान्यात जात नाही, आणि का? उत्तर माहीत नसेल तर आपल्या भागातील आशाताईंना विचारू या. त्या उन्हातान्हात घरोघरी फिरतात. त्यांना सगळे ठाऊक असते. मग त्या एका कुटुंबासाठी चार माणसे ठरवू या. एकाने रुग्णाबरोबर दवाखान्यात जावे. एकाने त्या वेळेत घरच्या मुलांकडे पाहावे. एकाने रेशन कार्ड, आधार अशी कागदपत्रे लावून द्यावीत. आणि एकाने औषध संपेपर्यंत दर आठवड्याला जाऊन नुसते विचारावे, “बरे आहे ना?” बाजेला चार कोपरे असतात. एक कोपरा जरी सुटला, तरी आजारी माणूस खाली पडतो.

येशूने त्या पक्षघाती माणसाला, आपली बाज उचलून घरी जा, असे सांगितले. ज्या बाजेवर तो पडून होता, ती त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि गर्दीला वाट द्यावीच लागली. आज आपण पवित्र ख्रिस्तप्रसाद घेऊन बाहेर पडू तेव्हा दाराशी क्षणभर थांबू या, मागे वळून पाहू या, आणि आपण कोणाची वाट अडवून तर उभे नाही ना, हे स्वतःला विचारू या.

हे प्रभो, तुझ्याजवळ राहण्याच्या ओढीत आमच्या हातून दुसऱ्याची वाट अडली असेल तर आम्हांला क्षमा कर. आम्हांला बाजेचा एक कोपरा धरायला दे. आमेन.