चौथ्या पिढीची पाटी

रोह्यात घराणेशाहीवर बोलायला कुणाला निमित्त लागत नाही. सुनील तटकरे खासदार, मुलगी अदिती आमदार आणि मंत्री, मुलगा अनिकेत विधान परिषदेवर जाऊन आलेला. टीकाकारांना ही यादी पाठ असते. तीच मंडळी गणपती ठरवायला पेणला गेली की मूर्तींच्या कारखान्यावरची 'चौथी पिढी' ही पाटी वाचून निर्धास्त होतात. राजकारणातला दोष धंद्यात हमी कसा ठरतो?

मालमत्ता खासगी आहे, ज्याने त्याने ती कुणालाही द्यावी, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. अदिती तटकऱ्यांना निदान श्रीवर्धनच्या मतदारांपुढे उभे राहावे लागले. कारखान्याच्या गादीवर कोण बसणार हे मात्र घरात ठरते, आणि वर्षभर तिथे राबणाऱ्या कारागिरांना ते नंतर कळते.

पेणच्या मालकाच्या मुलाला वारशात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे हात. लहानपणापासून मातीत वावरल्याने तो तयार होतो हे खरे, पण त्याची खात्री नसते. गणपतीच्या डोळ्यांची आखणी आडनावावर साधत नाही. चुकलेली बुबुळे गिऱ्हाईकाला लगेच खटकतात. दुसरी गोष्ट म्हणजे पेठ : जागा, साचे, नाव, बयाणा देणारे व्यापारी. ही मात्र बिनपरीक्षेची मिळते. वर्षानुवर्षे आखणी करणारा कारागीर शेवटपर्यंत मजुरीवर राहतो आणि ब्रश न धरलेला मुलगा मालक होतो. 'चौथी पिढी' वाचताना आपण हाताची कल्पना करतो. पाटी प्रत्यक्षात पेठेची असते.

तरीही पेणचा धंदा आटला नाही, वाढला. घरातली वाट बंद असल्याने कामात तयार झालेली माणसे बाहेर पडली, आणि हमरापूर, जोहे या गावांत घरोघर कारखाने उभे राहिले. मालकांनी मनाचा मोठेपणा दाखवून कला वाटली, असे म्हणायचे कारण नाही, ती पाझरली. पण बाहेर पडणाऱ्याकडे पेठ नव्हती. म्हणून या गावांतून न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती मोठ्या संख्येने जातात, आणि रंगकामाची मिळकत दुसऱ्याच्या पदरात पडते.

जपानी घराण्यांनी यावर वेगळी तोड काढली होती. कर्तबगार माणसाला जावई करून घ्यायचे आणि दत्तक घेऊन आडनाव द्यायचे. मारुतीमुळे आपल्याला माहीत झालेले ओसामू सुझुकी असेच घरजावई. घराणे राखले, पण वारस निवडून. आपल्याकडे जावयाला मान मिळतो, गल्ला नाही.

आणि लेक? वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. कारखान्यांत रंगकामाला बायका असतातच. पण पाटीवर 'आणि सन्स' लिहिलेले असते आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही 'प्रेमाने' घेतली जाते. या प्रेमाची किंमत कुणी मांडत नाही.

पेणच्या गणेशमूर्तीला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात एक गोष्ट नकळत मान्य झाली : नावाचा वारसा कुण्या एका घराण्याचा नाही, तालुक्याचा आहे. हमरापूरच्या कारागिराचाही त्यावर तितकाच दावा. घराण्यांनी तो मनापासून स्वीकारला असेल, असे मला वाटत नाही.

आता प्रश्न हातावरच येऊन ठेपला आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये दिलेल्या आदेशानुसार त्या बनवता येणार होत्या, मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जित करता येणार नव्हत्या. प्लास्टर हलके, झटपट सुकणारे. साचे असले की धंदा चालतो. शाडू जड, नाजूक, सुकताना तडे जाणारा. साचा त्यालाही लागतो, पण साच्यातून निघालेल्या मूर्तीला हात फिरवणारा माणूस लागतो. विसर्जनाच्या अडचणीने गिऱ्हाईक शाडूकडे वळले, तर गोदामभर साचे वारशाने मिळालेल्या मालकाला असा माणूस शोधावा लागेल, आणि तो बहुधा आपल्याच कारखान्यात मजुरीवर सापडेल. त्याला भागीदारी द्यायची की आणखी पन्नास रुपये रोज, हे पुढच्या माघी गणपतीपर्यंत काही घरांना ठरवावेच लागणार आहे.