कायद्याची मुभा आणि विवेकाचा कौल

१९७१ साली आपल्या देशात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातात स्त्रिया दगावत. ते थांबावे, हा त्यामागील एक हेतू होता. तो हेतू आम्ही तुच्छ लेखीत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी २० आठवड्यांची मर्यादा २४ पर्यंत वाढली.

मात्र याच महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा देशातील पहिला कायदा केला; १९९४ साली केंद्रानेही तसा कायदा केला. ‘मुलगी नको’ म्हणून गर्भ पाडणे समाजाला अन्यायाचे वाटले. हा अन्याय स्त्रीजातीवर आहे, गर्भावर नव्हे, असे कोणी म्हणतील. आम्ही विचारतो, जिला जन्मच नाकारला गेला तिच्याआधी हा अन्याय कोणावर झाला? आणि ती जर ‘कोणीतरी’ असेल, तर तिचा भाऊ आणि अपंग अर्भक हीही कोणीतरीच आहेत.

ख्रिस्तसभेची शिकवण हीच. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या विश्वपत्रात ती निःसंदिग्धपणे मांडली. त्याच पत्रात गर्भपात केलेल्या स्त्रियांना त्यांनी आशेचा शब्दही दिला.

म्हणून नुसता निषेध पुरेसा नाही. अविवाहित लेकीने दिवस गेल्याचे सांगितले, तर आपल्या घराचे दार उघडे राहील काय? लोकलाजेपायी ते लागले, तर तिला त्या वाटेवर आपणच ढकलतो. जीवनाची बाजू घेणाऱ्या धर्मग्रामाने त्या आईचीही बाजू घेतली पाहिजे.